धाकटी पिशवी

"मग एक काम कर, सीटला झालर लावून घे. आणि पायाखाली एक लोकरी गालिचा टाक."

नेव्ह हिंगस्टन शेडच्या दारात पालथ्या बादलीवर बसून बोलत होता. हातातला चहा कधीच निवला होता, पण तोंडाला खंड नव्हता. समोर फिक्या पिवळ्या रंगाची जुनी दोन आसनी एम.जी. लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती, चाकं भिंतीशी रचलेली होती. गाडीखालच्या खड्ड्यात लेस ब्रम्बी उभा होता. त्याचं टक्कल तेवढं वर दिसत होतं.

"झालर कुठून आणू?" लेस खालून म्हणाला. "तुझ्या टोपीची काढून दे."

"हसण्यावारी नेऊ नकोस. आपल्या जुन्या गाड्यांच्या क्लबात काय बोलतायत ठाऊक आहे? लेसला म्हातारचळ लागला म्हणतात. लोक जुन्या गाडीला कडक स्प्रिंगा मिळाव्यात म्हणून जीव टाकतात, आणि तू चांगल्या बसवलेल्या स्प्रिंगा काढून गाडीचा पाळणा करतोयस."

"पाळणाच करायचाय."

"अरे, ह्याच स्प्रिंगांवर तू डोंगराची शर्यत जिंकलास!"

"एकदा जिंकलो. बाकी सगळ्या वेळा ह्याच स्प्रिंगांवर हरलो. तेवढं बरं विसरतोस तू! तो मोठा पाना दे इकडं."

नेव्हनं पाना दिला आणि पुन्हा बादलीवर जाऊन बसला. लेसनं जॅक अगदी सावकाश खाली घेतला, स्प्रिंग हळूहळू सैल झाली आणि शेवटी एखाद्या हट्टी बोकडासारखी अंग टाकून त्याच्या हातात आली. आखूड, जाड वेढ्यांची, काळीकुट्ट. तारुण्यात त्यानं ती बसवली तेव्हा गाडी जमिनीलगत आली होती आणि वळणावर तसूभरही झुकत नव्हती. त्याला ती तेव्हा दागिन्यासारखी वाटली होती. आता त्यानं ती कोपऱ्यात टाकली, तर सिमेंटच्या जमिनीवर तिचा असा काही आवाज झाला की नेव्हच्या हातातला चहा सांडला.

लेस ब्रम्बी आयुष्यभर नगरपालिकेचा ग्रेडर चालवत होता. अल्व्हरस्टन गावाच्या मागच्या डोंगरांत जेवढे म्हणून खडीचे रस्ते आहेत, त्यांवरून तो लांबलचक पात्याचं पिवळं धूड फिरवायचा आणि पावसानं, लाकडाच्या ट्रकांनी केलेल्या लाटा खरवडून रस्ता पुन्हा सपाट करायचा. त्याच्या डोळ्यांत पाणसळ बसवलेली आहे असं लोक म्हणत. भिंतीवरची तसबीर केसभर तिरकी असली तरी त्याला घास गिळवत नसे. अशा ह्या माणसानं गावाचे रस्ते सपाट केले, दूधवाल्यांचे केले, शाळेच्या बसचे केले, आणि रविवारी स्वतःच्या बायकोला जिच्यात बसवलं त्या गाडीला मात्र दगडासारख्या स्प्रिंगा घातल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ग्लेनिस त्या दगडावर चाळीसहून जास्त वर्षं बसली. नकाशा मांडीवर घेऊन वाट शोधायच्या शर्यतींत ती त्याच्या डाव्या हाताला असायची. "पुढं डावीकडं, मग लगेच उजवीकडं, आणि बोलू नकोस," हे वाक्य क्लबातल्या सगळ्यांना पाठ होतं. मटार गोठवायच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर आठवडाभर उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, असा तिचा सगळा संसार झाला. तिनं तक्रार केली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तिनं भरपूर केली, पण सगळी हसत केली, त्यामुळे लेसनं ती कधी मनावर घेतली नाही.

मागच्या वर्षी जुलैच्या थंडीत तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. ऑक्टोबरात वसंत येऊन ट्यूलिप फुलले की दोघं दरवर्षी ह्याच गाडीतून समुद्राकाठच्या टेबल केपला जायची. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं, तसं ते त्याही वर्षी चुकवलं नाही. ग्लेनिसनं खाली दोन उशा घेतल्या. वाटेत ती फारशी बोलली नाही. घरी आल्यावर अंथरुणात पडली ती दोन दिवस उठली नाही. तिची पर्स गाडीत राहिली होती, ती आणायला लेस गेला, तेव्हा पर्सच्या कातडी पट्ट्यावर त्याला दातांच्या खुणा दिसल्या. प्रत्येक खड्ड्याला तिनं तो पट्टा दातांत धरला होता.

"ह्यापुढं तू एकटाच जात जा," ती नंतर म्हणाली. "मी घरी चहाबरोबर खायला स्कोन भाजून ठेवीन."

मार्चमध्ये क्लबाच्या फेरीला तो एकटा निघालाही. डावी जागा रिकामी, त्यामुळे गाडी उजवीकडे कलंडली होती. आणि त्या पाणसळीच्या डोळ्यांना ते कलणं सोसेना. पेंग्विन गाव आलं तसा तो मागे वळला. घरी ग्लेनिसनं विचारलं, "काय रे, बिघडली?" तो म्हणाला, "हो." हे काही खोटं नव्हतं.

मग त्यानं ठरवलं. ग्लेनिस ह्या ऑक्टोबरात त्याच गाडीतून, दातांत पट्टा न धरता, ट्यूलिप बघायला गेली पाहिजे. मुलीची मोठी मऊ गाडी होती. पण ती सुचवताच ग्लेनिसनं नाक मुरडलं होतं. "त्या गाडीत बसलं की दवाखान्यात निघाल्यासारखं वाटतं," ती म्हणाली होती.

स्प्रिंगा बनवणारा हेंक डेव्हनपोर्टला राहतो. जन्मानं डच, उंचीनं विजेच्या खांबाएवढा, आणि बोलायला कंजूष. लेसनं त्याला सांगितलं की पुढच्या स्प्रिंगा मऊ हव्यात, मागच्या स्प्रिंगांचे पाटेही हलके हवेत, पण गाडी वळणावर लोळायला नको.

"शर्यत कुठली?" हेंकनं विचारलं.

"शर्यत नाही. बायको बसणार आहे."

हेंकनं चष्मा वर केला आणि त्याच्याकडे बघितलं. "कडक स्प्रिंग कोणीही बनवतो," तो म्हणाला. "मऊ आणि तरी इमानी, ही अवघड. त्याला बसणाऱ्याचं वजन नेमकं लागतं. बाईंचं किती?"

लेसनं आपल्याला ठाऊक होतं ते वजन सांगितलं. कुठून ठाऊक होतं, तर पिशव्यांवरून.

त्या पिशव्या हा त्यांच्या क्लबाचाच एक रिवाज. गाडीच्या स्प्रिंगा बदलल्या की शेवटचे बोल्ट रिकाम्या गाडीवर आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी असली पाहिजे आणि तिच्यात माणसं बसलेली असली पाहिजेत. नाहीतर सांध्यांतले रबरी बुश चुकीच्या जागी पिळून बसतात, गाडी वाकडी उभी राहते आणि कितीही उंची स्प्रिंग घातली तरी हादरे देते. आता तासन्‌तास गाडीत कोण बसून राहणार? म्हणून ज्यानंत्यानं आपल्या वजनाइतकी वाळू पिशव्यांत भरून ठेवायची आणि कामाच्या वेळी सीटवर मांडायची. प्रत्येक शेडमध्ये खुंटीवर नवऱ्याच्या पिशव्या आणि बायकोच्या पिशव्या. वजन एकदाच, धान्याच्या दुकानातल्या काट्यावर, बायका-बायकांनी आपसांत करायचं. नवऱ्याला आकडा एकदा कानात सांगायचा आणि त्यानं तो स्प्रिंग बनवणाऱ्याखेरीज कोणापुढं तोंडातून काढायचा नाही. पिशवीवर नाव लिहायचं, वजन नाही. आणि एकदा शिवलेली बाईची पिशवी कोणीही उसवायची नाही. एकानं पूर्वी चेष्टेत आपल्या बायकोच्या पिशवीत दोन मुठी वाळू वाढवली होती, त्याला आठवडाभर थंड जेवण मिळालं. ती गोष्ट क्लबात अजून सांगतात.

ग्लेनिसच्या पिशव्या दोन होत्या. एक थोरली, सीटवर ठेवायची. एक धाकटी, सीटपुढं पाय ठेवायच्या जागेत. दोन्ही तिनं जुन्या पडद्याच्या कापडाच्या, निळ्या फुलांच्या शिवल्या होत्या. लेसच्या पिशव्या साध्या गोणपाटाच्या होत्या.

स्प्रिंगा आल्या, पाटे आले, चाकं चढली. नेव्ह रोज यायचा, बादलीवर बसायचा, नावं ठेवायचा आणि पाना मागायच्या आत हातात द्यायचा. ज्या दिवशी गाडी खाली उतरवली, त्या दिवशी दोघांनी मिळून पिशव्या मांडल्या. उजवीकडे गोणपाट, डावीकडे निळी फुलं. लेस खड्ड्यात उतरला आणि त्यानं सगळे बोल्ट एकेक करून आवळले. मग बाहेर येऊन दहा पावलं मागे गेला, गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटला.

"बोल की," नेव्ह म्हणाला.

"सरळ आहे," लेस म्हणाला. "नेव्ह, एकदम सरळ आहे रे!"

"मग बाईसाहेबांना बोलाव. महाराणी पाळण्यात बसू दे."

ग्लेनिस पाठीवर हात ठेवून, अंगावर लोकरीचा अंगरखा ओढत, अंगणातून सावकाश आली. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. "उंच झालीय," ती म्हणाली. "पूर्वी हिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरावं लागायचं."

नेव्हनं लगबगीनं तिच्या पिशव्या उचलून बाहेर ठेवल्या आणि दार उघडून धरलं. "बसा. आणि तोंड पाडू नका, तुमच्या नवऱ्यानं माझ्याकडून गाढवासारखं काम करून घेतलंय."

"गाढवाला कामाची सवय पाहिजे ना," असं म्हणत ग्लेनिस बसली. बसल्यावर तिनं थोडं वरखाली होऊन बघितलं. गाडी मऊपणे खाली गेली आणि तशीच मऊपणे वर आली. तिचा चेहरा एकदम उजळला. "लेस! अरे, ही तर पलंगासारखी आहे!"

लेस पुन्हा दहा पावलं मागे गेला होता, पुन्हा गुडघ्यावर बसला होता. गोणपाटाच्या पिशव्या उजवीकडे होत्या तशाच होत्या. त्यानं एक डोळा मिटला, मग दुसरा. गाडीची डावी बाजू वर होती. फार नाही, बोटाच्या एका पेराएवढी. दुसऱ्या कोणाला दिसली नसती.

त्याला वाटलं, काहीतरी अडकलंय. त्यानं जाऊन बोल्ट पाहिले, पाटा पाहिला, चाकातली हवा पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. मग तो उभा राहिला तशी त्याची नजर जमिनीवर ठेवलेल्या दोन फुलाफुलांच्या पिशव्यांवर गेली आणि तिथून ग्लेनिसच्या मनगटावर गेली. ते मनगट तो रोज बघत होता. रोज बघणाऱ्याला पोर वाढलेलं कळत नाही, तसं माणूस घटलेलंही कळत नाही.

"काय झालं?" ग्लेनिसनं विचारलं.

"काही नाही. तू जा घरात, गार वारं सुटलंय. मला थोडं बघायचंय."

ती गेल्यावर लेसनं थोरली पिशवी उचलून सीटवर ठेवली. धाकटी ठेवली नाही. मागे गेला, बसला, डोळा मिटला. डावी बाजू अगदी तेवढीच वर होती, जेवढी ग्लेनिस बसल्यावर होती.

म्हणजे अख्खी धाकटी पिशवी गेली होती.

तो तिथेच बसून राहिला. त्याला कळेना, रडावं की कोणाला तरी शिव्या द्याव्यात. वर्षभर तिच्या ताटात उरलेला अर्धा घास त्यानं मांजराला घातला होता. तिच्या स्कर्टला पिना लागलेल्या त्यानं पाहिल्या होत्या. डॉक्टर एप्रिलपासून "बघू या" म्हणायला लागले होते, तेही त्यानं ऐकलं होतं. सगळं ठाऊक होतं, आणि तरी हेंकला वजन सांगताना जुना आकडा बेधडक तोंडातून बाहेर पडला होता. त्याच्या मनात ग्लेनिस अजून दोन पिशव्यांची होती.

नेव्हनं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. सगळा प्रकार त्याच्याही ध्यानात आला होता. तो म्हणाला, "माझी जोन गेली, तरी तिच्या पिशव्या अजून माझ्या शेडमध्ये आहेत. मी फेरीला निघालो की दोन्ही डावीकडं ठेवतो. गाडी सरळ चालते." मग टोपी पुन्हा डोक्यावर घालत म्हणाला, "तुझ्याकडं पिशवी ठेवायची की माणूस बसवायचं, हा प्रश्न तरी आहे लेका. नशीबवान आहेस."

लेसनं त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत नेव्हच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच सरळ वाक्य होतं. "आहे खरा," तो म्हणाला.

हेंकनं दोन दिवसांत डावीकडची स्प्रिंग बदलून दिली. पैसे घेतले नाहीत आणि कारणही विचारलं नाही. "आता नेमकी बसेल," एवढंच बोलला. ती बसवून झाल्यावर बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा लेस घरात गेला. ग्लेनिस खिडकीशी शब्दकोडं घेऊन बसली होती.

"चल, गाडीत येऊन बस. कोडं तिथं सोडव."

"का? माझ्या पिशव्या कुठं गेल्या?"

"बायको घरात असताना पिशव्या कशाला?"

ग्लेनिसनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं नकाशा वाचलेली बाई ती. रस्ता कुठे वळतो ते तिला वळणाआधी कळायचं. तिनं कोडं काखेत घेतलं आणि उठली.

ती गाडीत बसली. लेस खड्ड्यात उतरला. तिच्या पायांच्या बरोबर खाली, पत्र्याच्या पलीकडे त्याचं डोकं होतं.

"हलू नकोस," तो खालून म्हणाला.

"श्वास घेऊ का?"

"घे. हळू घे."

पान्याचा करकर आवाज होत राहिला. ग्लेनिसनं दोन शब्द भरले, एक खोडला. मग पत्र्यावर टाचेनं दोनदा ठोकलं, शर्यतीत त्याला वळण सांगताना ठोकायची तसं.

"लेस. किती कमी भरलं?"

पान्याचा आवाज थांबला. रिवाजाप्रमाणे हा आकडा त्यानं तोंडातून काढायचा नव्हता, आणि त्याक्षणी त्याला त्या रिवाजाचे फार उपकार वाटले.

"ते नवऱ्यानं सांगायचं नसतं," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे किती ते. न्हाणीघरातल्या काट्यावर मी रोज उभी राहते. तुला कळलंय का, एवढंच विचारायचं होतं."

"कळलंय."

"बरं झालं. एकटीनं मनात ठेवून ठेवून कंटाळा आला होता."

लेसनं डोळे पुसायला हात वर केला तर ग्रीस लागलं. खड्ड्यात कोणी बघत नव्हतं, म्हणून तो मोकळेपणी रडला. वर ग्लेनिस शब्दकोड्याची पानं उगाच जोरात फडफडवत होती, म्हणजे त्याला वाटावं की तिला ऐकू येत नाही.

"ग्लेन," तो शेवटी म्हणाला, "त्या दगडावर तुला इतकी वर्षं बसवलं. तू उतरून का गेली नाहीस गं?"

"चालत्या गाडीतून?" ती म्हणाली. आणि मग वेगळ्या आवाजात, "मटाराच्या पट्ट्यासमोर उभं राहून राहून मला वाटायचं, जगात हिरव्या रंगाशिवाय काही नाही. रविवारी तू मला डोंगर दाखवायचास, समुद्र दाखवायचास. त्याच्यासाठी चार हाडं दुखली तर दुखली. ह्या गाडीनं मला जेवढं दिलं तेवढं घेतलं नाही. आवळ आता. माझे पाय गारठलेत."

त्यानं शेवटचा बोल्ट आवळला. इतक्या जपून त्यानं आयुष्यात कुठला बोल्ट आवळला नव्हता. मग वर येऊन दहा पावलं मागे गेला, गुडघ्यावर बसला. गाडी सरळ होती. ग्लेनिस तिच्यात बसून कोडं सोडवत होती.

ऑक्टोबरातला दुसरा शनिवार उजाडला तो लख्ख. ग्लेनिसनं अंड्याची सँडविचं केली, थर्मास भरला. उशी एकही घेतली नाही. लेसनं घ्यायला लावली तर तिनं ती मागे भिरकावून दिली. नेव्ह निरोप द्यायला फाटकाशी उभा होता. "पाळणा हळू हलव रे!" तो ओरडला, पण त्या ओरडण्यात दम नव्हता.

पेंग्विन गेलं, बर्नी गेलं. उजवीकडे समुद्र चमकत होता. लेसचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं डावीकडे, तिच्या हातांवर. हात मांडीवर मोकळे होते. पर्स पायाशी पडली होती. विनयार्डच्या अलीकडे डोंगरातून येणारी खडीची वाट दिसली, तशी ग्लेनिसनं टाचेनं दोनदा ठोकलं.

"पुढं डावीकडं."

"तो खडीचा रस्ता आहे, ग्लेन. त्याच्यावर लाटा असतील."

"असू दे. तू सगळ्या जगासाठी रस्ते केलेस, मी ह्या गाडीतून त्यांवर कधी आले नाही. स्प्रिंगांच्या भीतीनं. पुढं डावीकडं, आणि बोलू नकोस."

तो वळला. इथे जर तिला कळ आली, तर इतक्या महिन्यांची मेहनत, हेंक, नेव्ह, सगळं मातीत. पहिली लाट आली, दुसरी आली. चाकांखाली खडी तडतडत होती, पत्रा थरथरत होता. पण तो थरकाप सीटपर्यंत पोचत नव्हता. वाटेतच कुठेतरी मऊपणे विरत होता. लेसनं हळूच डावीकडे बघितलं. ग्लेनिसनं डोळे मिटले होते. त्याचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबू नकोस," ती डोळे न उघडता म्हणाली. "मी ऐकतेय."

"काय?"

"तुझा रस्ता."

मग तिनं डोळे उघडले, पायाशी वाकून थर्मास काढला आणि चालत्या गाडीत झाकणभर चहा ओतला. चाळीस वर्षांत त्या गाडीत कोणी चालता-चालता चहा ओतायची हिंमत केली नव्हती. चहा काठापर्यंत आला, डुचमळला आणि आतच राहिला. ग्लेनिस लहान मुलीसारखी हसली. एक घोट घेऊन तिनं झाकण त्याच्या ओठांना लावलं.

"काय म्हणतोस?"

लेसनं चहा गिळला आणि मान हलवली. त्याला त्या क्षणी सगळ्यांचे आभार मानायचे होते. हेंकचे, नेव्हचे, नगरपालिकेचे, ज्यानं लोखंडाला पहिल्यांदा वेढे दिले त्या कोणा माणसाचे, आणि डावीकडे बसलेल्या ह्या एका पिशवीच्या बाईचे. तोंडातून एवढंच निघालं, "चहात साखर कमी आहे."

"तुझ्यासाठी केलाच नव्हता," ग्लेनिस म्हणाली.

टेबल केपला ट्यूलिपचे पट्टे लाल, पिवळे, पांढरे असे थेट समुद्राच्या कड्यापर्यंत गेले होते. ती दोघं गाडीतच बसून बघत राहिली. ग्लेनिसनं अर्धं सँडविच खाल्लं, अर्धं त्याला दिलं. परतताना ती झोपी गेली. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर घरंगळलं आणि घर येईपर्यंत एकदाही हादरून उचललं गेलं नाही.

सोमवारी सकाळी लेस शेडमध्ये हत्यारं पुसत होता. ग्लेनिस आली. तिच्या हातात कात्री होती. खुंटीखाली ठेवलेल्या धाकट्या पिशवीशी ती स्टूल घेऊन बसली आणि आपल्याच हातची शिवण उसवायला लागली.

"अगं, हे काय करतेस?"

"गाजरं पेरायची आहेत. आपली माती चिकट आहे, वाळू घातल्याशिवाय गाजरं सरळ जात नाहीत, पाय फुटतात त्यांना." तिनं वर बघितलं. "माझी वाळू आहे. मी उसवली तर चालतं."

लेसनं ढकलगाडी आणली. वाळू सरसर करत गाडीत पडली, बारीक, कोरडी, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोघांनी किनाऱ्यावरून भरून आणलेली. तिच्यात शिंपल्यांचे चुरे होते. ग्लेनिसनं त्यातला एक चुरा उचलून उन्हात धरला, आणि परत वाळूत टाकला. परसातल्या वाफ्यात दोघांनी मिळून ती पसरली, कुदळीनं मातीत मिसळली. ग्लेनिसनं काठावर बसून बी टाकलं. "जानेवारीपर्यंत येतील," ती म्हणाली. लेस म्हणाला, "येतील."

दुपारी तिनं पिशवी धुतली, वाळवली आणि तिला इस्त्री केली. निळी फुलं बरीच फिकी झाली होती, पण दिसत होती. तिनं तिची नीट घडी घालून ती त्याच्या हातात दिली आणि वामकुक्षीला गेली.

लेस शेडमध्ये आला. थोरली पिशवी आपल्या खुंटीवर होती. शेजारची खुंटी मोकळी होती. धाकट्या पिशवीत आता कणभरही वाळू नव्हती, दोन बोटांत धरली असती तरी चालली असती. त्यानं ती दोन्ही हातांनी खुंटीवर अडकवली, आणि ती सरळ राहिली की नाही ते दहा पावलं मागे जाऊन बघितलं.